पहाटे साडेपाचची शाळा

आर्डेल कुबिचेकबाईंनी नेब्रास्कातल्या ओसेक गावच्या शाळेत एकतीस वर्षं कचेरीच्या खिडकीमागं काढली. कुठली बस कुठल्या वळणावर थांबते, कुणाच्या डोक्यात उवा झाल्यात, कुणाच्या बापाला कोर्टानं पोरांना भेटायची मनाई केलीय, सगळं त्यांच्या टाळक्यात. हेडमास्तर सहा आले नि सहा गेले, बाई तिथंच. अंगानं दणकट, आवाज शेताच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. पण विचारल्याबिगर आपलं मत सांगायचं न्हाई ही त्यांच्या बापाकडनं आलेली खोड. चेक मुलखातनं आलेल्या शेतकऱ्याचं घर ते. कापून टाकलं तरी आगाऊपणा करायचे न्हाईत.

ह्या खोडीनंच मागल्या साली घात केला.

तिसरीतल्या निम्म्या पोरांना एक पान धड वाचता येईना, म्हणून नव्या हेडमास्तरानं उन्हाळी वर्ग आखले. निम्मा वेळ वाचन नि गणित, निम्मा वेळ ससे पाळणं, सुतारकाम, स्वयंपाक. आखणी मोठी देखणी, रंगीत चौकोनांची. जुलैचे तीन आठवडे, सकाळी आठ ते बारा. ती टंकायला बाईंकडं आली. बाईंनी तारखा बघितल्या, नाकानं फुस्स केलं आणि गुमान टंकून दिली.

जुलैचे ते तीन आठवडे म्हणजे नेब्रास्कात मक्याचे तुरे खुडायचे दिवस. बियाण्याच्या मक्यात चार ओळी सोडून एक ओळ नराची, बाकीच्यांचे तुरे हातानं उपटायचे. बारा वर्षांवरचं झाडून सगळं पोरगं शेतात असतंय, पहाटेच्या दहिवरात भिजत. पोरांना न्यायला शाळेच्याच बसा लागतात, आणि निम्मे मास्तर त्या टोळ्यांचे मुकादम. धाकट्यांना शाळेत आणणार कोण? ह्या गावात जन्मलेल्या गाईलाही जे कळलं असतं, ते ओमाहा शहरातनं आलेल्या हेडमास्तराला कळायचं काही कारण न्हवतं. त्याला सांगायला पायजे होतं, नि सांगणारी बाई गप बसली.

अकरा पोरं आली. शेवटी आठ उरली. हेडमास्तर म्हणाला, “ह्या गावाला पोरांचं काही पडलेलं नाही.” आणि शाळा-मंडळानं ठराव केला, की अवंदा मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत चाळीस नावं आली तर वर्ग भरतील, न्हाईतर कायमचे बंद.

त्या शेवटच्या आठवड्यात सोमवारी नावं झाली होती चौदा.

त्या दिवशी तिसरीतल्या यारेत्सीची आई खिडकीशी आली. मांस कापायच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी बाई, हातमोज्याचे वळ अजून मनगटावर. फॉर्म तिनं कोराच परत केला.

“का गं? तुझी पोर तर तिसरीत दोन वर्षं बसलीय.”

“म्हणून तर पाठवायचीय, बाई. पण थोरली तुरे खुडायला जाती पाच वाजता, मी जाते पावणेसहाला. आठ वाजता हिला कोण सोडणार? मागल्या साली थोरलीलाच चौथ्या दिवशी घरी बसवली, धाकटीला राखायला. वर्षभर बोलली न्हाई ती माझ्याशी.”

“मग मागल्या साली का न्हाई सांगितलंस?”

“कुणी विचारलंच न्हाई.”

बाईंना ते असं लागलं, की त्यांनी फॉर्म घेतला नि तिच्याच हातात परत दिला. म्हणाल्या, “शुक्रवारपर्यंत ठेव. फाडू नको.”

बाई उठल्या नि न बोलावता हेडमास्तराच्या खोलीत गेल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

“ऑस्टरमन, तुमची वेळ चुकलीय. आणि ती चुकलीय हे मला मागल्या साली ठाऊक होतं.”

हेडमास्तरानं मान वर केली. “मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. दोघंबी गाढव. आता ऐका. शाळा साडेपाचला उघडायची.”

“संध्याकाळी?”

“पहाटे! थोरल्यांना गोळा करायला बस घराघरावर जातीच. त्याच बसमध्ये धाकटी बसवायची, शाळेच्या दाराशी उतरवायची, मग बस जाईल शेतावर. दुपारी एकला तीच बस परत फिरती, तेव्हा धाकट्यांना उचलायचं.”

“पहाटे साडेपाचला आठ वर्षांची मुलं? त्यांचे आईबाप मला मारतील.”

“त्यांचे आईबाप त्याच्या आधी दोन तास उठलेले असतात,” बाई म्हणाल्या. “झोपलेले असता ते तुम्ही.”

राहिला बसचा मालक नसलेला मालक, ड्वेन व्लचेक. शाळेत कुस्ती शिकवायचा, उन्हाळ्यात शाळेच्याच तीन बसा नि खुडणीच्या दोनशे पोरांचा ठेकेदार. बाईंनी त्याला जिममध्ये गाठलं.

“धाकटी पोरं माझ्या बसमध्ये?” ड्वेन हसला. “मी तुरे खुडतो आर्डेल, पाळणाघर न्हाई काढलं.”

“मागल्या साली तुझ्या किती पोरी मधेच सोडून गेल्या?”

“नऊ-धा.”

“घरी धाकटी होती म्हणून गेल्या. तुझं तोंड बघून न्हाई.”

ड्वेननं तोंडातली शिट्टी काढली. मग म्हणाला, “तोंड बघून गेल्या असत्या तर शंभर गेल्या असत्या म्हण की.”

“ते तूच म्हणालास.”

“पण बसमध्ये कुणी ओकलं तर ते धुणार कोण?”

“मी,” बाई म्हणाल्या.

मास्तरांचं त्यामानानं सोपं गेलं. खुडणीला न जाणाऱ्या तीन मास्तरणी होत्या. एकला सुटी नि पुढची दुपार मोकळी, हे ऐकून तिघींनी मान डोलावली. स्वयंपाकीणबाई मात्र चांगली तासभर भांडली आणि मग स्वतःच म्हणाली, की पहाटे गरम खायला दिलं तरच पोरं पुस्तक धरतील.

बाईंनी नवा कागद टंकला. त्यावर मागल्यासारखं ‘मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी’ असं काही लिहिलं न्हाई. ती ओळ हेडमास्तरानं शोधली, तर बाई म्हणाल्या, “आपलं पोर मागं पडलंय म्हणून सही करणारा बाप ह्या गावात अजून जन्मायचाय.” तीन दिवस त्यांनी खिडकी सोडली. कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटताना उभ्या राहिल्या, चाकांवरच्या ट्रेलर-घरांच्या वस्तीत दारं ठोकली, चर्चच्या सामुदायिक जेवणात एकेकाच्या ताटाशेजारी कागद ठेवला. नेल क्रोपाचेक म्हणाला, “माझ्या पोराला येतंय वाचायला.” बाई म्हणाल्या, “मग सशांसाठी पाठव. वाचायचं बघू आम्ही.”

शुक्रवारी मंडळाच्या टेबलावर सेहेचाळीस नावं पडली. मंडळाच्या अध्यक्षानं चष्मा पुसून दोनदा मोजली. “पहाटे साडेपाचला ह्यातली दहा तरी येतील का?” म्हणाला. पण ठराव त्याचाच होता. हात वर करावाच लागला.

जुलैत पहिल्या दिवशी तेहेतीस आली. कुणाच्या काखेत उशी, कुणी नाईटड्रेसवरच. जिमच्या चटयांवर अर्धा तास लोळली, मग कोबी-खिम्याचे गरम पाव खाऊन पुस्तकाला बसली. दोघं खरंच ओकले, ते बाईंनी धुतलं. दुसऱ्या दिवशी अडतीस. आठवड्याच्या शेवटी बेचाळीस, नि यारेत्सीची थोरली बहीण खुडणीला एक दिवस चुकली न्हाई. यारेत्सी पान वाचायला लागली असं न्हाई म्हणता यायचं, पण सशाच्या खुराकाच्या पिशवीवरचं चार ओळींचं लेबल तिनं बोट फिरवत फिरवत, अडखळत, शेवटपर्यंत नेलं. मास्तरणीनं ते तिला तीनदा वाचायला लावलं, म्हणून ती चिडलीही.

त्याच आठवड्यात अध्यक्ष एके सकाळी दहा वाजता वर्ग बघायला आला. पाहतो तर जिमभर टेबलं लागलेली, पोरं जेवायला बसलेली, वह्या मिटलेल्या.

“हे काय आर्डेल? अभ्यास कधी सुरू होतो?”

बाई उष्टी ताटं उचलत म्हणाल्या, “साडेतीन तास झालाय. उद्या वेळेवर या.”