गुडघाभर चुना

नवरा गेल्यावर मी कोकणातून एकटीच मुंबईला आले. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असेल. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक खोली बघितली. भिंतीला नवा चुना होता, पण फक्त गुडघ्याइतका. मला संशय आला.

दलाल म्हणाला, “मावशी, पावसाचं पाणी इथे कधीच शिरत नाही.”

शेजारच्या खोलीतली बाईही म्हणाली, “झकास खोली आहे गं. ये ना, मला सोबत होईल.”

मी तिच्याच घरात डोकावले. तांदळाचा डबा, ट्रंक, शिलाई मशीन, सगळं विटांवर चढवलेलं होतं.

“हे काय, उंदरांसाठी?” मी विचारलं. तिने दार लोटून घेतलं.

मी ती सोडून वर चढावरची दुसरी खोली घेतली. नळ लांब होता, चालायचं.

जुलैत खाली पाणी शिरलं, तेव्हा तीच ट्रंक डोक्यावर घेऊन ती खालची बाई माझ्या दारात आली. मी तिला आत घेतलं, पण खोलीची किल्ली माझ्याच कमरेला ठेवली.