काकूच्या गाण्याची चेष्टा

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या शनवाऱ्यात तोवर दोनच निकालांची वाट पाहिली जाई, मॅट्रिकच्या आणि कोर्टाच्या. पहिल्यात पोरं रडत, दुसऱ्यात थोरं. तिसऱ्या जातीचा निकाल माझ्या काकूने गल्लीत आणला, तोही थेट परदेशातून. तो ऐकायला त्या संध्याकाळी जे जे लोक रेडिओच्या खिडकीखाली उभे होते, त्यांची मी जन्माची ऋणी आहे. त्यातल्या निम्म्यांशी आमचं सांडपाण्यावरून भांडण होतं, हे खरं. पण भांडण आपल्या जागी आणि उपकार आपल्या जागी.

प्रांतांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. हद्दीची रेघ इच्छापूरच्या पलीकडून गेली आणि आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. तसं कुणाचं काही बिघडलं नाही. तापी वाहायची तशी वाहत राहिली, केळीच्या गाड्या भरायच्या तशा भरत राहिल्या. बिघडलं ते फक्त माझ्या आजोबांचं. कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि नव्या पाट्या वाचून त्यांचं डोकं उठे. बाजारात ते हिंदी फडाफडा बोलत, पण ती आमची बुऱ्हाणपुरी हिंदी. निम्मी उर्दू, निम्मी मराठी, आणि क्रियापदं ज्याच्या त्याच्या सोयीने. ही सरकारी हिंदी वेगळीच बाई होती. दिसायला मराठीसारखी, आणि ऐन वेळी भलताच अर्थ सांगणारी. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, असं मी शाळेतून शिकून आले तेव्हा आजोबा म्हणाले, "बरोबर आहे. तुमच्या शाळेत दोन्ही एकच."

काकू इच्छापूरची. लग्नात तिच्यासोबत भांडी आली, तशी एक पेटीही आली. जुनी, एका बाजूचा रंग उडालेली, पण सुरात. तिचा गळा कसा होता हे मला सांगता येत नाही. एवढंच सांगते, की ती गुणगुणत भाकरी थापायची तेव्हा मी भूक नसताना चुलीजवळ जाऊन बसायची. आजोबांना गाण्याचा राग नव्हता. त्यांना राग होता गाणं रस्त्यावर जाण्याचा. "सुनेचा आवाज उंबऱ्याच्या आत बरा," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे पेटी माजघरात, दार लावून, भाता अर्धाच उघडून वाजे. काका आईच्या पोटातून गरीब स्वभाव घेऊन आलेले. वडिलांपुढे त्यांचा शब्द ओठांतून बाहेर पडेपर्यंत वडील जेवून उठलेले असत.

पण एकदाच त्यांनी धिटाई केली, त्याबद्दल देव त्यांचं भलं करो. परदेशातल्या एका रेडिओ स्टेशनची हिंदी सेवा होती. त्यांनी देशोदेशींच्या श्रोत्यांसाठी लोकगीतांची स्पर्धा काढली. आपापल्या मुलखातलं गाणं आपण गायचं. त्यांची माणसं टेपचं मशीन घेऊन इंदूरला आली होती. काका "मामाकडे जाऊन येतो" म्हणून काकूला घेऊन गेले आणि इच्छापूरच्या इच्छादेवीच्या पायऱ्या चढताना तिथल्या बायका जे गाणं म्हणतात ते काकू त्या मशीनपुढे म्हणून आली. आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. मग काकाच आनंदाच्या भरात आमच्या समोरच्या केळीच्या अडतदारांना सांगून बसले. अडतदारांना सांगणं आणि शनवाऱ्याच्या दरवाजावर नगारा वाजवणं यात फरक नव्हता.

आजोबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूला समोर बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "देवीपुढे गाणं वेगळं, मशीनपुढे गाणं वेगळं. झालं ते झालं. पहिली आली तर पेटी राहील. नाही आली, तर इच्छापूरच्या बसवर टाकून तुझ्या माहेरी पोहोचती होईल. पुन्हा हा विषय नको."

काकूने "हो मामंजी" म्हटलं आणि पदराने पेटी पुसली. त्या दिवसापासून ती दुपारी दार लावून पेटीशी बसायची, वाजवायची मात्र नाही. नुसती पट्ट्यांवर बोटं फिरवायची. मी विचारलं तर म्हणाली, "सवय करून राहिले गं, बिनआवाजाची." मला तेव्हा तिचा राग आला. माणसाने भांडावं तरी! आता वाटतं, तिच्या जागी मी असते तर मीही तेवढंच केलं असतं.

गल्लीने मात्र पेटी वाचवायची असं मनावर घेतलं. जगातले झाडून सगळे गवय्ये काकूपुढे पाणी भरतात, हे सगळ्यांनी गाणं न ऐकताच ठरवून टाकलं. बांगडीवाली मावशी इच्छादेवीला खणानारळ बोलून आली. अडतदारांनी माव्याची जिलबी आधीच सांगून ठेवली, म्हणजे देवीलाही मागे फिरायला जागा नको. रेडिओ गल्लीत त्यांच्याकडेच. पण अडचण अशी, की आमच्या गल्लीच्या टोकाला विणकरांचे यंत्रमाग होते, आणि ते चालू असले की रेडिओवर खरखरीखेरीज काही लागत नसे. खटखट वेगळीच. परदेशी स्टेशन तर आधीच तापीच्या पुरातल्या लाकडासारखं वरखाली होणारं.

निकालाच्या दिवशी अडतदार संकोचतच विणकरांच्या म्होरक्याकडे गेले. ते पांढऱ्या दाढीचे उस्ताद कधी कुणाशी दोन शब्दांवर तिसरा बोलत नसत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाभी का नतीजा है?"

"हो ना उस्ताद. पेटीचा सवाल आहे."

"तो फिर पूछना क्या?"

दिवेलागणीच्या थोडं आधी सगळे माग थांबले. मी जन्मल्यापासून तो आवाज कधी दिवसाउजेडी थांबलेला ऐकला नव्हता. सणावारी थांबे तेवढाच. इतकी शांतता झाली की बांगडीवाल्या मावशीच्या टोपलीतली काकणं किणकिणलेली ऐकू आली. थांबलेला माग म्हणजे विणकराचं बुडलेलं काम. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं, आणि त्या लोकांचे मी धड आभारसुद्धा मानले नाहीत याची चुटपुट लागते. म्हणून इथे म्हणते. उस्ताद, तुमच्या मागांचे फार उपकार झाले.

रेडिओ खिडकीत ठेवला होता. खाली सगळी गल्ली. काकू आली नाही, ती घरात पेटीजवळ. आजोबाही आले नाहीत. ते आमच्या ओट्यावर पाठ करून बसले होते, पण एरवी तपकीर ओढणारा माणूस त्या वेळी नुसती डबी हातात धरून होता.

निवेदक परदेशीच असावा. हिंदी शुद्ध, अगदी धुऊन इस्त्री केलेली, पण चाल परकी. त्याने पहिला नंबर सांगितला. कुठल्याशा बेटावरचा कोळी. दुसरा नंबर कुठल्याशा थंड मुलखातली बाई. तिसरा मी ऐकलाच नाही, कारण तोवर मावशी डोळे पुसायला लागली होती. आणि मग एकदम स्वच्छ आवाज आला, "भारत के बुरहानपुर नगर की एक गृहिणी की चेष्टा..." पुढे खरखर. अडतदारांनी बटण पिळलं. "...उनकी इस चेष्टा का उल्लेख हम विशेष रूप से..." पुन्हा खरखर. आणि त्या खरखरीतून निवेदक आणि त्याची जोडीदारीण दोघंही हसल्याचं ऐकू आलं. त्यानंतर वाद्यं लागली.

अडतदार बटण सोडून म्हणाले, "चेष्टा केली. आपल्या बुऱ्हाणपूरचं नाव घेऊन चेष्टा केली!"

उस्तादांनी विचारलं, "चेष्टा क्या?" त्यांच्या बोलीत तो शब्दच नव्हता. आम्ही पाच-सहा जणांनी एका दमात त्यांना सांगितलं, "मजाक! मजाक उडवून राहिले ते भाभीची!"

शाळेत मी हिंदी शिकत होते, पण आमचा धडा अजून तिथवर पोहोचला नव्हता. आणि हसणं तर आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलं होतं. मग काय विचारता! एवढ्या लांबून, सगळ्या जगाला ऐकवून, आमच्या काकूची टिंगल! हरल्याचं दुःख कुणाला आठवलंही नाही. बांगडीवाल्या मावशीने त्या निवेदकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अडतदार रेडिओ तापीत फेकायला निघाले, त्यांच्या बायकोने दोन्ही हातांनी धरून ठेवला. उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हमारे मोहल्ले की बेटी का मजाक? चलो, बुजुर्गों के पास चलते हैं."

अशी ती फौज आमच्या ओट्यापुढे आली. आजोबा वळले. "काय झालं? तोंडं पाडून काय उभे राहिले सगळे? नाही आला ना नंबर?"

"नंबर गेला खड्ड्यात, अण्णा," अडतदार म्हणाले, "त्यांनी आपल्या वहिनीची चेष्टा केली. गावाचं नाव घेऊन. वर हसले."

आजोबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा फक्त एकदा पाहिला, तो तेव्हा. "कुणाची चेष्टा? माझ्या सुनेची?" ते म्हणाले. "सूनबाई! पेटी घेऊन बाहेर ये."

काकू दारात आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता. तिला वाटलं, आत्ताच बसवर टाकतात. काकांनी पेटी उचलून आणली आणि कुठे ठेवायची म्हणून वडिलांकडे पाहिलं.

"इथं. ओट्यावर. ते गाणं म्हण, जे त्या मशीनीत म्हटलं. मोठ्यानं म्हण. ज्यांना हसायचं त्यांनी समोर येऊन हसावं."

आणि काकू गायली. पहिल्या ओळीला आवाज कापत होता, दुसऱ्या ओळीला कापायचा थांबला. देवीच्या पायऱ्या चढताना दम लागतो, तो दम त्या चालीतच आहे. ओळ अर्ध्यावर थांबते, श्वास घेते आणि पुढची पायरी चढते. बायका नकळत तिच्या मागोमाग म्हणू लागल्या. मी जिलबी खात रडत होते, कारण अडतदारांनी जिलबी वाया जायला नको म्हणून वाटून टाकली होती. गाणं संपेपर्यंत एकही माग सुरू झाला नाही. मग आजोबांनी सगळ्या गल्लीसमोर जाहीर केलं, "त्यांची माफी येईपर्यंत रोज संध्याकाळी इथं गाणं होईल."

खरंच झालं. रोज दिवेलागणीला पेटी ओट्यावर येई. आजोबा शेजारी खांबाला टेकून बसत, पहारा दिल्यासारखे. पुढेपुढे मान डोलवायचे, पण कुणी पाहिलं की मानेवर डास बसल्याचं सोंग करत. काकूच्या गालांवर मांस आलं. ती मला हाक मारतानाही सुरात मारू लागली.

असे थोडे दिवस गेले आणि एका संध्याकाळी आमच्या शाळेचे हिंदीचे गुरुजी आले. ते नर्मदेपलीकडून बदलून आलेले, गल्लीत नवे, फार सज्जन. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ओट्यासमोर ओळखीची सगळी मंडळी जमलेली, काकूचं एक गाणं नुकतंच संपलेलं. गुरुजींनी आजोबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बधाई हो! मैंने दूसरे दिन का पुनःप्रसारण साफ सुना. उन्होंने कहा, इस गृहिणी की चेष्टा सबसे सुंदर थी. बस, अंक कम पड़ गए."

"सुंदर चेष्टा?" आजोबा म्हणाले.

"जी. चेष्टा, यानी प्रयत्न. कोशिश. उन्होंने तो बड़ी प्रशंसा की है."

अडतदार आपल्या चपलांकडे बघू लागले. उस्ताद आमच्याकडे बघू लागले, आणि त्यांचं बघणं रास्त होतं. प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब जुळत होता, तो माझ्याही बालबुद्धीला जुळला. टिंगल झालीच नव्हती, म्हणजे माफी कुणी मागायची? आणि माफीचा प्रश्न नसेल, तर उरली ती आधीची अट. काकू पहिली आली नव्हती.

काकूला ते सगळ्यांत आधी कळलं. तिने भाता दाबून हवा बाहेर काढली, कडी लावली आणि पेटीवर पदर टाकला. स्तुती ऐकून इतकं कोमेजलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

आजोबांनी पेढा घेतला. सावकाश खाल्ला. बोटं धोतराला पुसली. मग गुरुजींना अगदी आदराने म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हिंदीत असेल. तुम्ही विद्वान आहात. पण हे घर मराठी आहे. इथं चेष्टा म्हणजे चेष्टाच."

गुरुजींनी एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा पदराखालच्या पेटीकडे. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्या परमुलखातल्या माणसाने हात जोडले आणि म्हणाले, "जी. मुझसे ही सुनने में भूल हुई होगी."

"होतं असं," आजोबा म्हणाले आणि काकूकडे वळले. "कडी कशाला लावली? माफी आली का त्यांची? नाही ना? मग म्हण पुढचं."

ती माफी आजतागायत आलेली नाही. न पाठवणाऱ्यांचं देव भलं करो.