मी न पाहिलेला फोटो

उजव्या डोळ्यावर पट्टी घेऊन मी येमेनहून बंगळुरूला परतले, तेव्हा देवावर रागावण्याइतकंही नातं त्याच्याशी उरलं नव्हतं. युद्धात सामान्य माणसांचं काय होतं, त्याचे फोटो काढणं हे माझं काम. गेली कित्येक वर्षं मी तेच करते. लढणारे सैनिक माझ्या फोटोंत फारसे नसतात. पाण्याच्या रांगा असतात, छप्पर उडालेल्या शाळा असतात, दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलांना घेऊन बसलेल्या आया असतात. अशाच एका व्हरांड्यात मी कॅमेरा नुकताच खाली घेतला होता, तेवढ्यात जवळच तोफगोळा पडला आणि खिडकीच्या काचा तोंडावर आल्या. फोटो काढताना मी जो डोळा लावते, नेमका तोच गेला.

राजाजीनगरच्या घरी आता आई एकटीच असते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आणि दत्तमहाराज घरचं दैवत. अप्पा गेल्यापासून गुरुवारची आरती आई करते आणि मी घरी असले की शेजारी उभी राहते. या वेळी मी खोलीतून बाहेरच आले नाही. आईने बोलावलं नाही, प्रसाद मात्र दाराशी ठेवून गेली.

डोळ्यापेक्षा वेगळीच गोष्ट मला खात होती. माणसांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी मी त्यांच्यापुढे कॅमेरा घेऊन उभी राहिले. फोटो छापून आले, लोक हळहळले आणि पान उलटून पुढे गेले. त्या माणसांचं पुढे काय झालं, ते मला कधी कळलं नाही. मग याचा उपयोग कोणाला झाला? दृष्टी परत आली नाही तर निदान हा प्रश्न तरी संपेल, असंही वाटायचं. आईपाशी हे बोलायची सोय नव्हती.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीच्या दिवशी आईला ताप होता. "सरी, बरं, रिक्षाने जा, पण जपून," एवढंच नेहमीच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणून तिने माझ्या कपाळाला अंगारा लावला. मी तो पुसला नाही, इतकंच. दवाखान्यात डॉक्टरांनी उजवी पट्टी बदलली आणि डाव्या डोळ्यातही तपासणीचे थेंब घातले. समोरचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसायला लागलं. मी भिंतीला धरून बाकाकडे निघाले, इतक्यात मागे एक लोखंडी ट्रॉली जिन्यावरून गडगडत खाली गेली.

पुढचं मला नीट आठवत नाही. भान आलं तेव्हा मी भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघ्यांत डोकं घालून, दोन्ही हात मानेवर धरून बसले होते. श्वास घेता येत नव्हता. भोवती लोक जमले होते. कोणी म्हणत होतं, "अक्का, पाणी देऊ का?" कोणी डॉक्टरांना बोलवायला सांगत होतं. सगळे आवाज वरून येत होते. मग काळ्या बुरख्यातल्या एका बाईची आकृती गर्दीतून पुढे आली आणि सरळ माझ्याशेजारी फरशीवर बसली. तिने माझ्या मानेवरच्या हातांवर आपला हात ठेवला आणि कानाशी हळू आवाजात म्हणत राहिली, "खलास, खलास." आपण मराठीत माणूस मेल्याचं ज्या शब्दाने सांगतो, त्याच अरबी शब्दाने ती मला सांगत होती की झालं, संपलं, आता काही होणार नाही. हळूहळू माझा श्वास जागेवर आला.

कामापुरती अरबी मला येते. मला काय झालंय ते तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "गोळा पडला की आमच्या गल्लीत सगळे असेच बसतात." ती येमेनची होती. मी जिथे जखमी झाले त्याच शहरातली. तिची मुलगी हनान हिला इथे कृत्रिम पाय बसवला होता आणि मायलेकी चालण्याच्या सरावासाठी येत होत्या. मी काय काम करते ते सांगितलं आणि मनात होतं तेच विचारून टाकलं, "आमच्यासारख्यांचा तुम्हाला राग येत नाही का?"

ती म्हणाली, "आमचं घर पडलं, तेव्हा फोन बंद होते. परदेशातल्या माझ्या भावाने आम्ही गेलो असंच धरलं होतं. मग एका वर्तमानपत्रात पाण्याच्या रांगेचा फोटो आला. त्यात त्याला मी दिसले. त्यानेच धडपड करून आम्हाला इथे आणलं."

तो फोटो कोणी काढलेला, हे मी विचारलं नाही. त्या शहरात आम्ही बरेच जण होतो. विचारण्याची गरजही वाटली नाही.

उठताना तिने आपला फोन माझ्या हातात दिला. "तू फोटोवाली ना? हनान चालतेय, तिचा काढ. तिकडे राहिलेल्या तिच्या बापाला पाठवायचाय."

"मला आत्ता काही दिसत नाही," मी म्हणाले.

"तू फक्त धर. बाकीचं अल्ला बघेल."

पावलांच्या आवाजाच्या दिशेने मी फोन धरला आणि बटण दाबलं. तिने फोन घेऊन पाहिलं, मुलीला दाखवलं, आणि दोघी हसल्या. तेवढ्यात मला आत बोलावलं. परत आले तेव्हा दोघी गेल्या होत्या. तो फोटो मी कधीच पाहिला नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. दत्तमहाराज फकिराच्या वेषात दारी येतात, हे मी तिच्याकडून लहानपणापासून ऐकत आले आहे. मला वाटलं, आता ती तेच म्हणेल. पण तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्या पोरीचा पाय दुखत नव्हता ना?" पुढच्या गुरुवारी मी आरतीला उभी राहिले.

उजव्या डोळ्याला आता उजेड कळतो, हालचाल कळते, चेहरे दिसत नाहीत. मी डावा डोळा लावून काम करायला शिकले आणि पुन्हा बाहेर पडले. कोणाचं दुःख माझ्या फोटोने हलकं होईल, हे आता मी ठरवत नाही. ते ठरवण्याचं ओझं इतकी वर्षं मी उगाच वाहत होते. निघताना आई अंगारा लावते, तेव्हा मी मान खाली करते. जेवढी नजर राहिली आहे तेवढी देवाची आहे, आणि तो वळवील तिकडे ती वळेल.