हसणाऱ्यांची यादी

सकाळी साडेसातला मी आमच्या रेडिओ स्टेशनवर पोचले तेव्हा दारासमोर हंडे उभे होते. पायरीपासून सुरू झालेली रांग दूध संघाच्या वजनकाट्याला वळसा घालून गेटच्या बाहेर गेली होती. रांगेत माणूस एकही नाही. नुसते हंडे, कळशा आणि तेलाचे रिकामे डबे. जवळून पाहिलं तर बहुतेक फुटके. चांगले हंडे खऱ्या टँकरच्या रांगेत अडकलेले होते, आमच्यासाठी गळके पाठवले होते.

ज्यांच्या घरी नळ आहे त्यांच्यासाठी सांगते. दुष्काळात टँकरच्या गावी हंडा ठेवला की नंबर लागतो. मग बाईनं घरी जावं, भाकरी थापाव्यात, लेकराला झोपवावं. हंडा तिच्या जागी उभा असतो, आणि दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नसतो. हा नियम कुठं लिहिलेला नाही, त्यामुळे तो सगळे पाळतात. दूध संघाच्या चेअरमनसाहेबांच्या ड्रायव्हरनं गाडी आत घ्यायला एक कळशी पायानं बाजूला सारली, तर कडुनिंबाखालून पंधरा-वीस बाया एकदम उठल्या. त्यानं कळशी होती तिथं ठेवली, वर तिचं तोंडही रस्त्याकडे होतं तसं केलं. साहेब गाडी बाहेर सोडून चालत आत आले.

मी मागच्या दारानं गेले. पुढचं दार असताना मागच्या दारानं जाणं ही माझी जुनी सवय. त्या दिवशी तिला पहिल्यांदा काही कारण होतं.

आमचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आष्टी तालुक्यात, दूध संघाच्या आवारात आहे, आणि चालवतोही संघच. कम्युनिटी रेडिओ म्हणजे छोटा रेडिओ. आसपासची काही गावं ऐकू शकतात, डोंगर मध्ये आला की तेवढंही नाही. मी तिथं प्रोग्राम एक्झिक्युटिव्ह होते, म्हणजे स्क्रिप्ट लिहायची, रेकॉर्डिंग करायचं, एडिट करायचं आणि माइकपासून लांब राहायचं. शेवटची अट माझीच होती. माझं शिक्षण बीडला इंग्लिश मीडियममध्ये झालं. मराठी मी बोलते, पण चार माणसं ऐकत असली की वाक्य मनात दोनदा तपासून मगच सोडते. तोवर विषय बदललेला असतो.

आमचा आवाज होते नवनाथकाका. वीस वर्षं ऊसतोडीला गेले, तिकडे कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, सगळ्या टोळीला गोष्टी सांगायचे. कंबर गेली तसे गावी राहिले आणि आमच्याकडे आले. सकाळचा सात वाजताचा कार्यक्रम त्यांचा. लिहायचे मी, बोलायचे ते. लोकांना वाटे सगळं त्यांच्याच डोक्यातून येतं. मला ते सोयीचं होतं.

त्या आठवड्यात विषय होता पाण्याची बचत. मी लिहिलं होतं, दात घासताना नळ बंद ठेवा. काकांनी शांतपणे विचारलं होतं, “कोन्ता नळ, ताई?” ते वाक्य मी काढलं. मग कार्यक्रम फार उपदेशाचा होतोय म्हणून एक विनोद घातला. तो असा:

“टँकर आला की आपल्या बायका अशा पळतात, देशाला पदकच! आणि भांडतात अशा की कुस्तीतही पदक! नवरेमंडळी, घरात पाणी नसलं तरी काळजी नको, करमणूक फुकट आहे.”

हे आत्ता लिहितानाही हात अडखळतो. तेव्हा मात्र मी दोन तास खपून ते लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. काका वाचताना थांबले.

“ताई, हे ठिवायचं का?”

“स्क्रिप्ट अप्रूव्ह झालंय, काका.”

कुणी अप्रूव्ह केलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीच केलं होतं. त्यांनी वाचलं. मग एडिटिंगला बसल्यावर मला ते थोडं कोरडं वाटलं, म्हणून कॉम्प्युटरमधल्या साउंड इफेक्टच्या फोल्डरमधून मी त्यामागे हशा जोडला. बारा सेकंदांचा, भरपूर पुरुषांचा.

सकाळी ते वाजलं. सव्वासातला पहिला फोन आला. नऊपर्यंत मी फोन उलटा ठेवला होता आणि कॉम्प्युटरवर माफीनामा लिहीत होते. “कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास” हे वाक्य आधी घ्यावं की नंतर, यात दुपार झाली. या गडबडीत मी एक गोष्ट विसरले. आमचा प्रत्येक कार्यक्रम दिवसातून तीनदा लागतो. एकदा लावून ठेवला की दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला कॉम्प्युटर आपला आपण वाजवतो. त्याला रिपीट म्हणतात. एकचा रिपीट गेला तेव्हा मी माफीनाम्याच्या तिसऱ्या मसुद्यावर होते. सातचा गेला तेव्हा बसमध्ये.

एकदा वाजलं तर चूक म्हणता येते. तीनदा वाजलं की ते धोरण होतं.

पण बायांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता, हे मला संध्याकाळी निघताना कळायला सुरुवात झाली. एक गृहस्थ आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, “म्याडम, लिहून द्या. मी हसलो न्हाई म्हणून.”

“म्हणजे?”

“बायकू म्हन्ती, रेडूवर हसनाऱ्यात तुमचा आवाज होता. म्या सकाळधरनं आष्टीला बाजारला गेलतो. घरात घेईना झाली हो.”

मी त्यांना लेटरहेडवर लिहून दिलं असतं. शिक्का सापडला नाही.

तर आता दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनसाहेब माझ्या खुर्चीत बसले होते आणि मी उभी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी सर म्हणते.

“मॅडम, या बाया काय म्हणतात माहीत आहे? हसणाऱ्यांची यादी द्या. नाव, गाव. तोवर हंडे हलत नाहीत. माझे दुधाचे टेम्पो बाहेर उभे आहेत. दूध नासायला लागलं तर माझ्यावर दूधवाल्यांचे दुसरे हंडे येतील. कोण कोण होतं आत?”

“सर, मी बघून सांगते.”

काय बघणार होते, देव जाणे.

“ते बघा तुम्ही. पण नवनाथला आजपासून बंद करा. लोकांना सांगू, माणूस काढला. विषय संपला.”

काका दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. हे आता सांगतील, म्हणतील की लिहिलं ताईनं, मी विचारलं होतं, अशी मला भीती वाटत होती. ती वाटली याचीच नंतर जास्त लाज वाटली. ते म्हणाले, “बरंय अण्णा. तोंड माजंच होतं.” आणि टिफिन घ्यायला आत गेले.

मी त्यांच्यामागे गेले. “काका, तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगू?”

“मी लिहिलं ते.”

“तुमी सांगायचं ते मी कावून सांगू?” ते डब्याच्या पिशवीला गाठ मारत होते. “दसऱ्यानंतर टोळी निघंल. मुकादम वळखीचा हाय. वाढं बांधायला तरी घील.”

वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची पानं. गेलेल्या कमरेनं दिवसभर वाकून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या. आणि हे ते मला टोमणा म्हणून सांगत नव्हते, हिशोब म्हणून सांगत होते. मला टोमणा परवडला असता.

मी पुढच्या दारानं बाहेर गेले. भाषण असं काही मनात नव्हतं. होतं ते इंग्लिशमध्ये होतं. कडुनिंबाखाली सगळ्यात पुढं सत्यभामाबाई होत्या, साठीच्या, पायाला फडकं बांधलेलं. टँकरच्या नळीला हंडे लावणाऱ्यांच्या रेट्यात मागच्या आठवड्यात त्या पडल्या होत्या, हे मला तिथं उभी राहिल्यावर कळलं. विचारलं असतं तर आधीही कळलं असतं. त्यांचं गाव आमच्या टॉवरवरून दिसतं.

“तुमचा नंबर पहिला ना?” मी विचारलं.

“व्हय. यादी आनली का?”

“आत चला. दाखवते.”

त्या आल्या, त्यांच्यामागे मावतील तेवढ्या आल्या. आमचा स्टुडिओ दोन माणसांसाठी बांधलेला आहे. अकराजणी बसल्या. अण्णा काचेपलीकडे उभे राहिले. मी रेकॉर्डिंग चालू केलं, तसं त्यांना सांगितलं, आणि फोल्डर उघडून तो हशा लावला. एकटाच, पुढचं-मागचं वाक्य काढून. बारा सेकंद.

“हा बग, हा आमच्या जावयाचा आवाज,” मागून कुणीतरी म्हणालं.

“नाही,” मी म्हणाले. “हे कॉम्प्युटरमध्ये येतं. तयार. परदेशातली माणसं आहेत, कुठली ते मलाही माहीत नाही.”

सत्यभामाबाईंनी परत लावायला सांगितलं. परत ऐकलं.

“यान्ला टँकर ठाव हाय?”

“नाही.”

“मग हसले कशाला?”

“ते दुसऱ्याच कशाला तरी हसले होते. मी इथं आणून लावलं.” हे वाक्य मी मनात एकदाही तपासलं नव्हतं. “आणि ते बोलणं काकांचं नव्हतं. मी लिहिलं होतं. काका नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. माझ्या घरी बोअर आहे. मी टँकरच्या रांगेत कधी उभी राहिलेली नाही.”

काचेपलीकडे अण्णांनी कपाळाला हात लावला. सत्यभामाबाई पुढं वाकल्या आणि अगदी समजून घेण्याच्या सुरात म्हणाल्या,

“म्हंजी पोरी, तुज्या इनोदाला कुनीच हसलं न्हाई?”

“नाही.”

“म्हनून भाड्यानं मान्सं आनलीस?”

“हो.”

त्यावर मात्र त्या स्टुडिओत जे हसणं झालं, ते कुठल्याही फोल्डरमध्ये मिळणार नाही. मीटरचा काटा लाल भागात जाऊन अडकला. मी आवाज कमी करायला हात पुढं केला आणि तसाच मागे घेतला.

हसून झाल्यावर सत्यभामाबाई लगेच व्यवहारावर आल्या. त्या हसल्या म्हणून राग गेला असं मी समजले होते, तेही चूक. “हे आमचं समदं लावायचं. तीनदा. तुमी तीनदा लावलं तसं. आन् नवनाथला काढायचं न्हाई. त्यो टोळीत असताना माजी सून आजारी पडलती, त्यानं उचलून दवाखान्यात नेलतं. तुज्यावानी शिकलेला न्हाई पन मानूस हाय त्यो.”

“मला काढा,” मी अण्णांकडे बघून म्हणाले. धीटपणा नव्हता तो. त्या क्षणी मला खरंच घरी जायचं होतं.

अण्णा आत आले. हात जोडून बायांना म्हणाले, “नवनाथ राहील. मॅडमचं काय करायचं, सांगा.”

सत्यभामाबाईंनी मला वरून खाली पाहिलं. “ऱ्हाऊ द्या. टँकर कुन्या गावात किती वाजता येनार, रोज सकाळी हिनं फोन करून इचारायचं आन् हिच्या तोंडानं सांगायचं. आमी उनात चार-चार तास बसतो त्ये तरी वाचंल.”

दहाच्या आत आवार रिकामं झालं. जिचा हंडा तिनंच उचलला. टेम्पो आत आले.

ते रेकॉर्डिंग तीनदा लागलं. संध्याकाळच्या रिपीटला मी बसमध्ये होते आणि ड्रायव्हरचा रेडिओ चालू होता. सगळी बस ऐकत होती. मी खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी शोधत होते. दुष्काळात तेही मिळत नाही.

तेव्हापासून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी टँकरच्या वेळा मी सांगते. पहिले पंधरा दिवस इतक्या हळू आवाजात सांगायचे की लोक फोन करून परत विचारायचे. स्टेशनचा सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम आज तोच आहे. त्यात एकही विशेषण नाही.

काका अजून माझं स्क्रिप्ट वाचतात. पण आता आधी लाल पेन घेऊन बसतात, आणि शंका आली की एवढंच विचारतात, “हे तुमी सत्यभामाबाईसमोर उभं राहून म्हनाल का?” मी नाही म्हणाले की ओळ जाते. पहिल्या आठवड्यात माझ्या पाच पानांचं दीड पान उरलं. उरलेला वेळ काका स्वतःच्या मनानं बोलले. अण्णांनी मुद्दाम फोन करून सांगितलं की मॅडम, तुमचं लेखन आता फारच सुधारलंय.