तानबाची उपडी टोपली

मोहगव्हाणच्या जंगल बंगल्याचा चौकीदार तानबा उईके दिसायला अगदीच किरकोळ माणूस होता. नागपूरहून मोटारीने येणारे पाहुणे त्याचं नाव ऐकून आलेले असत, आणि खाकी चड्डीतला, पायांच्या काड्या झालेला हा इसम पुढे आला की त्यांचा चेहरा उतरे. मला त्याची मजा वाटे. कारण तासाभरात हेच पाहुणे त्याच्या मागून शाळेतल्या पोरांसारखे मुकाट चालताना दिसत. तो मध्येच थांबे, हात मागे करून सगळ्यांना थांबवी आणि झाडावरचं वानर कोणत्या बाजूला बघून ओरडतंय एवढंच दाखवी. पुढचं काम ज्याच्या त्याच्या नशिबाचं.

मी तिथे कारकून होतो. माझं नाव अच्युत, पण गावाला मी नुसता बाबू. कारंज्याच्या सडकेपासून सहा मैल आत, जंगलात माझी खुर्ची. पाहुण्यांचे परवाने बघायचे, त्यांची सोय लावायची आणि जाताना त्यांच्यापुढे शेरेबुक ठेवायचं. तेव्हा परवाना काढून शिकार करता येई, पण नुसतं जनावर बघायला येणारी, गळ्यात कॅमेरा अडकवलेली मंडळीही वाढू लागली होती. पाहुणे गेले की त्यांचा शेरा मी तानबाला वाचून दाखवी. त्याला अक्षरओळख नव्हती. आपलं नाव कुठे लिहिलंय ते तो मला दाखवायला लावी आणि त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवून जरा वेळ बसे. एवढीच त्याची हौस.

गावात त्याचा मान होता तो मात्र टोपलीमुळे. वाटेवर वाघाचं ताजं पाऊल दिसलं की तो त्यावर बांबूची टोपली उपडी घाली आणि वर धोंडा ठेवी. मूळ हेतू इतकाच, की ढोरांच्या खुरांनी ठसा मोडू नये, साहेबांच्या मापासाठी शाबूत राहावा. गावाने त्यातून आपला कायदा काढला होता. टोपली उपडी दिसली की ती वाट बंद, आणि तानबाने उचलली की उघडी. सरपणाला जाणाऱ्या बाया असोत की गुराखी, कोणी वाद घालत नसे. मी लावलेल्या सरकारी पाट्या वाळवीने खाल्ल्या. टोपलीला कधी कोणी हात लावला नाही.

चोपन्न सालच्या चैत्रात हिंगणघाटचे कापसाचे व्यापारी किसनराव तिसऱ्यांदा आले. आधीच्या दोन खेपांना त्यांना मोर आणि पळत्या रानडुकराची शेपटी याखेरीज काही दिसलं नव्हतं. या वेळी बरोबर पत्नी सुलोचनाबाई, मेहुणे आणि दोन कॅमेरे होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं की इथे वाघ आहे, की तुम्ही तो कागदावरच पाळलाय. सगळे हसले. मीही हसलो, आणि ते मला फार झोंबलं. त्यांच्यापुढे तानबाची तारीफ करून करून मीच त्यांना तिसऱ्यांदा बोलावलं होतं. पाहुण्यांनी पाठीवर थाप मारून ‘वा बाबू’ म्हणावं, याची मला चटक लागली होती. हे आज लिहितानाही कान तापतात.

दिवस मावळायच्या सुमाराला मी तानबाच्या खोपटाशी गेलो. किसनरावांचा मागच्या खेपेचा शेरा मी त्याला कधी वाचून दाखवला नव्हता, तो आता मुद्दाम वाचला. ‘येथे वाघ नाही व वाघाची माहिती असलेला माणूसही नाही.’ त्याने नाव कुठे आहे विचारलं. नाव नाही, नुसतं माणूस लिहिलंय, असं मी सांगितलं. त्याने बोट ठेवायला पुढे केलेला हात मागे घेतला.

मग मी म्हणालो, “तानबा, उद्या काहीतरी दिसलं पाहिजे. कसंही.”

‘कसंही’ हा शब्द माझा. तो मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकत नाही.

सकाळी पाहुण्यांचा चहा होतो न होतो तोच तानबा आला आणि सगळ्यांना नाल्यावर घेऊन गेला. नाल्याच्या वाटेवर फुफाटा असतो, पिठासारखा. त्यात चार ठसे होते आणि त्यातल्या सगळ्यात ठळक ठशावर टोपली. त्याने टोपली उचलली तेव्हा सुलोचनाबाईंनी पदर तोंडाशी नेला. मेहुण्यांनी फोटो काढले. किसनरावांनी ठशाशेजारी आपला रुमाल पसरून माप घेतलं आणि तानबाच्या खांद्यावर हात ठेवला.

मी खाली बसून चारही ठसे नीट पाहिले. वाघाचा डावा पंजा कोणता आणि उजवा कोणता हे पुढे आलेल्या बोटावरून ओळखायचं असतं. तानबानेच मला ते शिकवलं होतं. इथले चारही ठसे उजव्या पंजाचे होते. मनगटाने गादी दाबून आणि अंगठ्याने चार बोटं काढून केलेले, आणि करणाऱ्याचा हात उजवा. मी मान वर केली. तानबा नाल्यापलीकडे बघत होता.

पलीकडे पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया परत येत होत्या. टोपली आणि माणसं बघून त्या थबकल्या. पुढे गावातल्या नत्थूची बायको पंचफुला होती, मागे तिची नणंद गुलाब. अंधारात आपण ज्या वाटेने गेलो तिथून पाठोपाठ वाघ गेला, असंच त्यांना वाटलं असणार. त्या वाट सोडून बांधाबांधाने गावाकडे गेल्या.

किसनरावांनी शेरेबुकात अर्धं पान भरलं. त्यांचे भाऊ दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून यायचे होते, त्यांनाही ठसा दाखवायचा म्हणून टोपली परत त्यावर घातली होती. पाहुणे जेवायला बसले तेव्हा तानबा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“बाबू, टोपली उचलून घेऊ का?”

मी काय ते ओळखलंय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला. माझ्या एका ‘हो’ने सगळं तिथेच मिटलं असतं. मी फायलीतून मान वर न करता म्हटलं, राहू दे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

मोहाचं फूल पहाटे गळतं. उन्हं वर यायच्या आत वेचलं नाही तर ढोरं खातात, त्यामुळे बाया अंधार असतानाच निघतात. दुसऱ्या दिवशी पंचफुला आणि गुलाब नाल्यापर्यंत आल्या, टोपली दिसली, आणि दोघी निमूटपणे टेकडीच्या वाटेने वळल्या. टेकडीवरही मोह आहेत. पण तिथे कपारी आहेत आणि मोहाच्या दिवसांत तिथे अस्वलं उतरतात, म्हणून एरवी उजाडायच्या आत तिकडे कोणी जात नसे. पिल्लाबरोबरच्या अस्वलीने पंचफुलाला झाडाखालीच धरलं. गुलाबने आरडाओरडा करून, धोंडे मारून तिला सोडवलं.

तिला खाटेवर घालून आणलं तेव्हा मी बंगल्याच्या पायरीवर होतो. डावा गाल राहिला नव्हता आणि डावा हात लोंबत होता. सडकेपर्यंत बैलगाडी आणि पुढे एका ट्रकवाल्याने वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. ती जगली. डाव्या हाताची बोटं मात्र पुन्हा कधी मिटली नाहीत.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जड जाते. गावाने तानबाला दोष दिला नाही, उलट त्याचे उपकार मानले. नत्थू दवाखान्यातून दोन दिवसांसाठी आला होता, तो मुद्दाम बंगल्यावर येऊन त्याला म्हणाला, “तुही टोपली नसती त दोघी वाघाच्या तोंडात गेल्या असत्या. अस्वलानं निदान जीव त ठेवला.” नत्थू गेल्यावर तानबा विहिरीशी गेला आणि कितीतरी वेळ हात धूत बसला.

त्याचं मन रमावं म्हणून मी मूर्खासारखं शेरेबुक काढलं. किसनरावांनी त्याचं नाव दोनदा लिहिलं होतं. मी वाचायला लागलो तर त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि कपाटात ठेवलं. त्यानंतर त्याने आपलं नाव कुठे आहे हे मला कधी विचारलं नाही.

पंचफुला आली की तिला सगळं सांगणार, असं त्याने मला सांगितलं. मी त्याला परोपरीने समजावलं. सांगून तिचा हात बरा होणार आहे का, तुझी नोकरी जाईल, गाव तुला उभं करणार नाही. मी ‘तुझी’ नोकरी म्हणत होतो, पण डोळ्यांपुढे माझी होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चिलीम भरली.

आषाढात पंचफुला घरी आली. तिला बघायला अंगणात गाव जमलं होतं. सरकारी माणसाने जाऊन यावं म्हणून मीही गेलो होतो, आणि मला खाट दिली होती. तानबा आला, बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं की नाल्यात वाघ आला नव्हता, ठसे त्याने स्वतः काढले होते, पाहुण्यांसाठी. नत्थू उठला, त्याला गुलाबने धरलं.

पंचफुलाने पदर गालावरून घट्ट ओढला होता. ती म्हणाली, “काढून दाखव.”

ओसरीखाली चिखल होता. तानबा गुडघ्यावर बसला. मनगट दाबलं, अंगठा चार वेळा टेकवला. ती वाकून बघत राहिली.

“खराच वाटते,” ती म्हणाली. “आता आमी कशाले पाहून चालाव?”

नत्थूने माझ्याकडे बोट करून तानबाला विचारलं, “या बाबूले मालूम होतं का?”

तानबाने माझ्याकडे बघितलंही नाही. “नाई. त्याईले काई मालूम नवतं.”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि मी मान हलवली. होय, असंच आहे, अशा अर्थी. खाटेवर बसून, भरल्या अंगणात, मी मान हलवली. आयुष्यात मी पुष्कळ बारीकसारीक लबाड्या केल्या असतील, त्या विसरलो. ती मान हलवणं विसरलेलो नाही.

गावाने तानबाला वाळीत टाकलं नाही. कोणी वर तक्रारही केली नाही. फक्त टोपलीचा मान गेला. पुढच्याच महिन्यात त्याने खऱ्या ठशावर घातलेली टोपली कोणीतरी उचलून कडेला ठेवली आणि वरून ढोरं नेली. त्या दिवशी कोणाचं काही वाकडं झालं नाही हे नशीब. तेव्हापासून तानबा टोपली घालीनासा झाला आणि ठसा दिसला की स्वतःच तिथे बसू लागला. अंधार असतानाच जाऊन बसे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून परत फिरवी. शेवटची बाई घरी जाईपर्यंत हलत नसे. पाहुणे बंगल्यावर ताटकळत, रागावत, मला बोलत. मी त्यांना चहा देई.

अशी चार वर्षं गेली. राज्य बदललं, कागदांवरचे शिक्के बदलले. नत्थू आणि पंचफुला छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झाले. अठ्ठावन्नच्या चैत्रात माझी बदली समुद्रपूरला झाली. निघायच्या दिवशी सामान गाडीने पुढे पाठवून मी सकाळी नाल्यावरून पायी निघालो, तर वाटेत तानबा बसलेला. शेजारी ठसा होता. मी त्याला बदलीचं सांगितलं. “सांभाळून जाजो, बाबू,” तो म्हणाला. एवढ्यात मागून पंचफुला आली, बाजाराला न्यायच्या मोहफुलांनी भरलेली टोपली डोक्यावर, उजव्या हाताने धरलेली.

तानबाने हात जोडले. ती थांबली, टोपली खाली ठेवली आणि ठशापाशी बसली. पुढचा ठसा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. एक डावा होता, एक उजवा. तानबा बाजूला सरून तिला बघू देत होता. हे त्यांचं नेहमीचंच असावं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “तानबा सांगतोय म्हणजे खराच असणार.”

ती उठली. पदर गालावरून सरकला होता, तो तिने सावरला नाही.

“त्यानं खोटं केलं, अन् येऊन सांगतलं,” ती म्हणाली. “तुमी त्या दिशी इथंच बसून चारी ठसे पाहून राह्यले होते. मी पल्याडून पाह्यलं. तुमी काऊन नाई सांगतलं, बाबू?”

चार वर्षं हिला माहीत होतं. चार वर्षं मी हिच्या दारावरून जाताना कसं आहे, बरं आहे का, असं साहेबी विचारत होतो आणि ही बरं हाये म्हणत होती. मी तानबाकडे पाहिलं. तो ठशाजवळची काडी उचलून बाजूला टाकत होता.

मला भीती वाटली, असं मी शेवटी म्हणालो. मग टोपली उचलायला ती वाकली, एका हाताने ती उचलता येईना, आणि मी पुढे झालो. “राहू द्या,” ती म्हणाली. तानबा उठला, त्याने टोपली तिच्या डोक्यावर ठेवून दिली, आणि तो पुन्हा ठशाजवळ बसला. ती लांबच्या वाटेने वळली.

मलाही त्याच लांबच्या वाटेने जायचं होतं. मी तिला बरंच पुढे जाऊ दिलं आणि मग निघालो.