तिसरी कोळपणी

पोळ्याला एवढा पाऊस झाला की बैल मारुतीच्या देवळापर्यंत नेताना त्यांच्या झुली चिखलाने बरबटल्या. आणि गणपती गेले तसं आभाळ जे कोरडं पडलं, ते कोरडंच. गावात जो तो मान वर करून चालायचा. मला त्याचा राग यायचा. पडायचा तेवढा पाऊस पडून गेला होता. आता तो कुठे आहे, हे खाली पाहिल्याशिवाय कळणार कसं?

आमचं शाळवाचं रान ओढ्याच्या अंगाला, काळ्या खोल मातीचं. विहीर नाही. जमिनीने पोटात जेवढं पाणी धरून ठेवलं, तेवढ्यावर शाळू यायचा. म्हणजे आमची वर्षाची ज्वारी आणि बैलांचा कडबा. त्या वर्षी सगळं कडब्यावर येऊन ठेपलं होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सासऱ्यांना बैल जड झाले होते आणि माझा नवरा जालन्याला कारखान्यात, तो सुट्टीपुरता यायचा. सासऱ्यांनी जाफराबादच्या एका व्यापाऱ्याला परस्पर शब्द देऊन टाकला, की शिमग्यापर्यंत पुरेसा कडबा घरात आला नाही तर जोडी तुझी. त्या जोडीतला तांबडा आमच्याच गाईचा. गाय मेल्यावर मी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेला. मी सासऱ्यांशी बोलणं टाकलं. मग लक्षात आलं, अबोल्याने कडबा उगवत नाही.

शेजारचं रान चुलत दिरांचं. त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि दिसेल त्या रानात त्याच्यामागे फिरत्या पात्यांचा रोटा घालायची त्यांना हौस. गावातल्या बऱ्याच जणांनी त्यांच्याकडून रोटा मारून घेतला. रान दिसायचं मोठं देखणं.

"वहिनी, तुमच्यातबी फिरवून देतो. जल्दी होईल. रान कसं बिलकुल मऊ होतं."

"भाऊजी, मला काय त्यात गादी टाकून झोपायचंय?"

सासरे चिडले. "सारं गाव करून राह्यलंय, मंग तुलाच काय झालं?" मी खुरप्याने वीतभर उकरलं, माती मुठीत दाबली आणि त्यांच्यासमोर सोडली. लाडू झाला आणि पडल्यावर फुटला. ओल पेरणीला बराबर होती, पण बेताची. रोट्याने ती उलथून वर आली असती आणि दुपारच्या उन्हात उडून गेली असती. दिरांच्या रानात तेच घडलं. संध्याकाळी त्यांची माती राखेसारखी पांढरट दिसत होती. सासऱ्यांनी तिफण बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी आमच्या सालगड्याने बैल हाकले, सासऱ्यांनी गुडघे दुखत असताना पेरायच्या तिफणीच्या चाड्यावर बियाची मूठ धरली आणि बी खाली ओलीत पडलं. आमचा शाळू तास धरून, सरळ ओळींत उगवला. दिरांचा विरळ.

पण उगवलं म्हणजे पिकलं नव्हे. दिवाळी गेली, एक थेंब नाही. बैलांच्या कोळप्याने ओळींमधली माती हलवायची ती कोळपणी; पहिल्या दोन सालगड्याने केल्या आणि साल अर्ध्यावर टाकून तो ऊसतोडीला निघून गेला. शाळू कमरेला लागला आणि रानाला भेगा पडायला लागल्या. काळी माती वाळली की फाटते, आणि खालची उरलीसुरली ओल त्या फटींतून निघून जाते. त्या भेगांत माझा हात जायचा. दुपारी पानं सुरळी करायची.

"तिसऱ्यांदा कोळपते," मी म्हटलं.

"एवढ्या पिकात?" सासरे म्हणाले. "मोडून टाकशील. आन् हाकणार कोण?"

"मी."

आमच्याकडे बायका खुरपतात, वेचतात, पेरताना मागून सरत्याची नळी धरतात. कासरा धरायचा तो बाप्यांनी. "एक कोळपणी, अर्धं पाणी, हे मला तुम्हीच शिकवलं ना मामा," मी म्हटलं आणि बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली. बांधावरून जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पहिल्या तासाला मी शाळवाची बरीच ताटं मोडली. नंतर तांबड्यानेच मला सांभाळून घेतलं. तो दोन ओळींच्या मधून पाय असा उचलून टाकायचा की मला कासरा ओढावाच लागेना. कोळप्यामागे माती सुटत होती आणि भेगा बुजत होत्या. सासरे बांधावर बसून एकेक तास बघत होते. संध्याकाळी खांदे भरून आले, तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात भाऊजी दारात. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालता येत नाही. "वहिनी, जोडी देता का?"

"का, ट्रॅक्टर आजारी पडला?"

जोडी दिली. त्यांच्याही लेकराबाळांना भाकरी लागतेच.

शाळू त्या ओलीवर निसवला, भरला, आणि कणसं अशी आली की काढताना बायकांचे हात दुखले. कडब्याची गंजी गोठ्याच्या पत्र्याच्या वर गेली. मी येता-जाता तिच्याकडे बघायचे. मला गर्व झाला होता, आणि तो मी लपवला नाही.

शिमग्याच्या तोंडावर व्यापारी टेम्पो घेऊन आला. गंजी त्याला दिसत होती, पण गडी चिवट.

"काका, इकडं आल्तो तं म्हणलं जोडी घेऊनच जावं. कडबा झाला, पण तुमचं वय झालं. बैलं हाकणार कोण?"

सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "जोडी आता माझी न्हाई. तिची हाय. तिला इचार."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्या भागात बैलांचं बाईला कोणी विचारत नाही. मी चुलीपुढून उठलेही नाही.

"न्हाई इकायची," मी म्हटलं.

टेम्पो रिकामा वळला. तो रस्त्याला लागेपर्यंत मी बघत बसले आणि तव्यावरची नव्या ज्वारीची भाकरी करपली. सासऱ्यांनी ती तशीच वाढून घेतली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.