दोन कॅमेरे आणि निरगुडसरचे परीक्षक

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघं, दोन कॅमेरे आणि एक भांडण होतं. मी हौसेनं डीएसएलआर घेतला होता. नवशिक्यांसाठीचा म्हणून विकतात तो, तरी गळ्यात अडकवला की मान आपोआप नम्र व्हायची. शुभाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, तिच्या भावानं दिलेला एक चपटा, चंदेरी डिजिटल कॅमेरा होता. तो तिच्या कुर्त्याच्या खिशात मावायचा आणि बहुतेक वेळा किल्ल्या शोधताना सापडायचा. घरात एकाच कॅमेऱ्याला जागा आहे, असं तिनं जाहीर केलं होतं. तेव्हा जुन्नर-आंबेगावात दोन दिवस फिरायचं, प्रत्येक गोष्टीचे दोन्हींनी फोटो काढायचे आणि जो हरेल त्यानं माळ्यावर जायचं, असं ठरलं. मोबाइलला यात भाग घेऊ द्यायचा नाही, एवढ्यावर मात्र आमचं एकमत होतं.

पहिली फेरी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात झाली. लालभडक क्रेटची भिंत समोर होती. मी गुडघ्यावर बसलो, उजेड मोजला, एक आकडा वाढवला, दुसरा कमी केला, आणि बटण दाबेपर्यंत भिंत टेम्पोत चढून निघून गेली. मला टेम्पोची पाठ मिळाली, अतिशय स्पष्ट. शुभाच्या कॅमेऱ्याची वेगळीच तऱ्हा. बटण आत्ता दाबायचं आणि फोटो त्याच्या सवडीनं निघायचा. तिला एका हमालाचं कोपर मिळालं. सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही मिसळ खाल्ली.

शिवनेरीवर मात्र मी जिंकलो. वर पोचलो तेव्हा धुकं विरत होतं, खाली वडजच्या धरणाचं पाणी चमकत होतं. माझ्या फोटोत डोंगराच्या मागचा डोंगर आणि त्याच्याही मागचा डोंगर वेगवेगळे दिसत होते. शुभाच्या फोटोत पांढरं आभाळ होतं आणि त्याखाली करपलेल्या पिठल्यासारखं काहीतरी. मी काही बोललो नाही. गड उतरेपर्यंत मी इतका उदारपणे वागत होतो की शेवटी तिनंच मला गप्प बस म्हणून सांगितलं, मी गप्पच असताना.

डिंगोऱ्यात चहाला थांबलो आणि माझ्या कॅमेऱ्याला नोकरी लागली. एका गृहस्थांनी मी पेपरवाला का म्हणून विचारलं, उत्तराची वाट न पाहता माझं कोपर धरलं आणि रस्त्याखालच्या खचलेल्या मोरीपाशी नेलं. तिथे ते मोरीकडे बोट दाखवून उभे राहिले. तो फोटो होतोय तोवर दुसऱ्यानं मला डीपीकडे (विजेच्या खांबावरच्या वाटप-पेटीकडे) नेलं. तिला दार नव्हतं. तिथेही बोट. मग शाळेचा गळका नळ आणि पुन्हा बोट. मी पेपरातला नाही असं परोपरीनं सांगितलं, तेव्हा त्यांची खात्रीच पटली की मी मोठ्या पेपरातला आहे आणि नाव लपवतोय.

या सगळ्यात शुभा पारावर बसून बोट दाखवणाऱ्या माणसांचे फोटो काढत होती आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. एका बाईनं तिच्याकडे कणवेनं पाहून विचारलं, की एवढा मोठा साहेब नवरा आणि तुला काहीच काम नाही का. शुभा नाही म्हणाली. मग त्या बाईनं तिला ओंजळभर भाजलेल्या शेंगा दिल्या. मोठ्या कॅमेऱ्याला काम मिळतं आणि छोट्याला शेंगा, अशी मी नोंद केली. शेंगा तिनं मला दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोणीच्या वाटेवर निरगुडसरजवळ गाडीचं इंजिन तापलं. पाणी मागायला रस्त्याकडेच्या घरी गेलो. बराखीच्या (कांदा साठवायच्या जाळीच्या चाळीच्या) सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गंजीफ्रॉक, धोतर आणि पांढऱ्याशुभ्र मिशा. सगळं गाव त्यांना धोंडूआबा म्हणतं. त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग गाडीला दिलं, आणि इंजिन निवेपर्यंत जेवूनच जा म्हणाल्या. जेवायला मासवडी होती (नावावर जाऊ नका, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या या वड्या पक्क्या शाकाहारी असतात), सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आबा बायकोच्या ताटातल्या वड्या उचलत होते आणि ती न पाहिल्यासारखं करत होती. मला ती दोघं फार आवडली.

जेवणानंतर मी आबांचा फोटो मागितला. मोठा कॅमेरा पाहताच ते घरात गेले आणि कोट, टोपी, चष्मा घालून बाहेर आले. खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंडावर अशी कळा, की आता निकाल ऐकवून शिक्षा देणार आहेत. "आबा, जरा हसा," म्हटलं तर भुवया आणखी जवळ आल्या. मी तोच फोटो घेतला. मिशीतला केस न् केस मोजता येईल इतका लख्ख.

मग कोट काढून ते सैल बसले आणि तंबाखू मळायला लागले. शुभानं खिशातून तिचा कॅमेरा काढला. आबांनी त्या चपट्या, चंदेरी वस्तूकडे पाहिलं आणि सरळ हात पुढे केला.

"द्या की जरा चुना," ते म्हणाले.

त्यांना ती चुन्याची डबी वाटली होती. शुभानं बटण दाबलं होतं, पण कॅमेरा नेहमीप्रमाणे आपल्या सवडीनं चालला होता. तेवढ्यात डबीतून भिंग बाहेर आलेलं आबांना दिसलं, आपली चूक कळली, आणि ते जे काही हसले ते हसणं त्या उशिरात बरोबर सापडलं.

आमच्या भांडणाची हकीकत ऐकून आबांनी खटला आपल्याकडे घेतला. म्हणाले, "दोनी फोटू छापून आना. कोनता चांगला, ते मी सांगन. पन आना म्हंजे आना. समदी नुस्ती काढून नेत्यात." आम्ही कबूल केलं. परीक्षक मिळाल्यामुळे भांडण तिथेच तहकूब झालं.

महिन्या-दीड महिन्यानं दोन्ही फोटो एकाच मापात छापून, एकसारख्या चौकटीत बसवून आम्ही पुन्हा निरगुडसरला गेलो. घराला कडी होती. बराखीपाशी प्लास्टिकची खुर्ची तशीच होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, सगळी नदीवर गेलीत, आबांचा आज दहावा.

एकदाच भेटलेल्या माणसासाठी इतकं वाईट वाटावं, याचं मलाच नवल वाटलं. शुभा चौकटींची पिशवी छातीशी धरून उभी होती. फोटो निदान गोदाबाईंना देऊ म्हणून आम्ही नदीवर गेलो. कॅमेरा गळ्यातून काढून ठेवायचं माझ्या लक्षातच आलं नाही, आणि तिथून पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

दशक्रियेला अर्धा तालुका लोटला होता. मंचरहून बोलावलेला शूटिंगवाला आलेला नव्हता आणि फोन उचलत नव्हता. माझा कॅमेरा दिसताच, "शूटिंगवाले आले, वाट द्या," असं म्हणत लोकांनी मला हातोहात पुढे सरकवलं, थेट पिंडापर्यंत. मी नाही-नाही म्हणत असतानाच कुणीतरी आमच्या गाडीतून स्टँड काढून आणला, त्यावर कॅमेरा चढवला आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. तालुक्याचे एक पुढारी माइक धरून उभेच होते. श्रद्धांजलीचं भाषण कॅमेऱ्याअभावी अडलं होतं.

पण भाषणापेक्षा मोठी गोष्ट अडली होती. कावळा शिवत नव्हता.

समोरच्या बाभळीवर एक कावळा होता, पण तो खाली यायला तयार नव्हता. पिंडाजवळ पानावर आबांच्या आवडीची मासवडी, तंबाखूची पुडी, खरीखुरी चुन्याची डबी, सगळं मांडलं होतं. मुंडण केलेले थोरले चिरंजीव, बाळासाहेब, हात जोडून बोअरचं पाणी धाकट्यालाही देईन म्हणाले. धाकटा म्हणाला बांध कोरणार नाही. पुतण्यानं बैल न विकण्याचं वचन दिलं. जावयानं दारू सोडतो म्हणून सांगितलं, तेव्हा गर्दीतून दोघातिघांनी, हे आबांना पटणार नाही, असं मत दिलं. कावळ्यालाही पटलं नसावं. तो आणखी वरच्या फांदीवर गेला.

त्याला मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग बंदुकीसारखं वाटतंय, असा शोध कुणीतरी लावला. कॅमेरा हलवा, असा एक पक्ष झाला. भाषणाचं काय, असा दुसरा. अखेर मी मागे व्हायचं आणि कॅमेरा तिथेच ठेवायचा अशी तडजोड निघाली. मागच्या बाजूला आबांचा फ्लेक्स होता. घरात दुसरा फोटो नाही म्हणून आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात आबा कुणालाही ओळखत नाहीत असे दिसत होते.

ऊन वाढलं. गुरुजींना पुढे आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भ घेऊन त्याचा कावळा वळायला सुरुवात केली. कावळा आलाच नाही तर असा गवताचा कावळा पिंडाला लावून विधी उरकतात. पण मग गावात नाव निघतं, की अमक्याचा जीव कशात तरी अडकून राहिला. बायकांच्या घोळक्यातून गोदाबाई उठल्या.

"दर्भाचा नगं," त्या म्हणाल्या. "त्यांचं कायतरी ऱ्हायलंय. तसंच लावून द्यायचं व्हय मी त्यांना?"

गुरुजी थांबले. तेव्हा शुभा गर्दीतून वाट काढत गोदाबाईंजवळ गेली. पिशवीतून दोन्ही चौकटी काढल्या आणि हे आबांना दाखवायचं राहिलं होतं, कोणता चांगला ते तेच सांगणार होते, एवढंच म्हणाली. गोदाबाईंनी आधी माझा फोटो घेतला. पुष्कळ वेळ पाहिला आणि बाजूच्या बाईकडे दिला. मग दुसरा घेतला. त्या आधी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पदर तसाच असताना रडायला लागल्या.

मग कुणाला न विचारता त्या पिंडापाशी आल्या. दोन्ही फोटो वाळूत शेजारी-शेजारी उभे केले. चौकट सरळ केली आणि नेहमी घरात बोलाव्यात तशा बोलल्या.

"आवं, फोटू आलं बगा. सांगा आता कोनता."

पुढाऱ्यांनी माइक खाली घेतला. कावळा फांदीवरून सुटला, गिरकी घेऊन सरळ माझ्या डीएसएलआरच्या डोक्यावर येऊन बसला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि भिंगाच्या नळीवर यथास्थित शिटला. मग वाळूत उतरला, दोन उड्या मारून हसणाऱ्या आबांच्या चौकटीवर बसला, तिथून वाकून मासवडीचा तुकडा उचलला आणि पिंडाला चोच लावून उडाला.

"शिवला," बाळासाहेब म्हणाले आणि जोडलेले हात सोडले. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लागला राव निकाल," तो हळूच म्हणाला. पुढाऱ्यांचं भाषण शेवटी शुभाच्या कॅमेऱ्यावर घेतलं. त्याची बॅटरी प्रस्तावनेतच संपली, पण हे आम्ही कुणाला सांगितलं नाही आणि भाषण फार सुंदर झालं.

निघताना गोदाबाईंनी हसरा फोटो पदराखाली धरला होता. माझी चौकट त्यांनी पुसून माझ्याच हातात दिली. मी म्हटलं, राहू द्या की दोन्ही. त्यांनी मान हलवली.

"ह्ये तुमी न्या. ह्ये पावणं तुमच्याच वळखीचं दिसत्यात."

त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात आता कोट-टोपीतले एक कडक गृहस्थ आहेत. पाहुणे त्यांना पाहून सावरून बसतात आणि आमच्याकडचे कोण म्हणून विचारतात. शुभा सांगते, परीक्षक. भिंग मी स्वच्छ केलं. निकालाप्रमाणे कॅमेरा माळ्यावर गेला, आणि पिक्सेल, भिंग, उजेड यांवर मी तोंडपाठ केलेले सगळे मुद्देही त्याच्याबरोबर गेले. माझा फोटो सरस होता, हे मी आजही म्हणतो. फक्त त्यात आबा नव्हते.

सर्वपित्री अमावास्येला शुभानं मासवडी केली. नीट जमली नव्हती, सारण बाहेर आलं होतं. आपल्या माणसांची पानं झाल्यावर एक जादा पान तिनं गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कुणाचं ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं समोरच्या टाकीवर कावळा येऊन बसला. मी धावत माळ्यावरून कॅमेरा काढला, गच्चीच्या दारात गुडघ्यावर बसलो, भिंग रोखलं. कावळा होता तिथेच राहिला, माझ्याकडे बघत. हात दुखायला लागले तरी तो जागचा हलेना.

मी कॅमेरा खाली ठेवला. मग तो आला.